नको असलेला फोल्डर कोणते ॲप तयार करते?

प्रश्न: कोल्हापुरात गुजरीतल्या आमच्या दागिन्यांच्या दुकानात साजाचे फोटो ज्या अँड्रॉइड फोनवर ठेवतो, त्याच्या स्टोरेजमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाचा एक रिकामा फोल्डर डिलीट केला तरी पुन्हा तयार होतो. यामागचे ॲप कसे शोधावे?

उत्तर १: आधी फोटोंची प्रत संगणकावर घ्या, ते सर्वांत महत्त्वाचे. मग फोल्डर डिलीट करून एकेक ॲप उघडा. तो परत आला की त्याची वेळ टिपून डिजिटल वेलबीइंगमधील (ॲपचा वापर दाखवणाऱ्या फोनमधील सोयीतील) नोंदींशी ताडून पाहा, मात्र पडद्यामागे चालणारे ॲप तिथे दिसेलच असे नाही.

उत्तर २: दादा, अँड्रॉइड ११ पासून नव्या ॲपना सर्वत्र फायली लिहिण्यासाठी विशेष परवानगी लागते. सेटिंग्जमध्ये ही परवानगी असलेल्या ॲपची यादी तपासून संशयित ॲपची परवानगी काढा.