शब्दचर्चा : हिमकडा, हिमलोट आणि ‘मध्यम’ धोका

प्रश्न : हिवाळ्यात बर्फाळ डोंगरात भटकणाऱ्यांसाठीच्या सूचना मराठीत आणतो आहे. ‘अ‍ॅव्हलांच’साठी ‘हिमकडा कोसळणे’ लिहिलं आहे. धोक्याच्या पाच पातळ्यांना किरकोळ, कमी, मध्यम, जास्त, अतिजास्त असे शब्द घेतले आहेत. चालतील का? आणि ‘स्लॅब’ला काय म्हणावं?

उत्तर : ‘हिमकडा’ बातम्यांतून रूढ झाला आहे, पण सूचनांमध्ये तो घेऊ नका. कडा म्हटलं की माणूस वर बघतो, वरून काही अंगावर येईल का याचा अंदाज घेतो. हिमनदीचं टोक तुटतं तेव्हा खरंच तसं होतं, तिथे हा शब्द चपखल आहे. पण भटक्यांचे जीव घेणारे बहुतेक अपघात वेगळे असतात. त्यांत उतारावरचा अख्खा थर सुटतो. अशा दहापैकी नऊ अपघातांत तो थर सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्यांच्या वजनाने सुटलेला असतो. म्हणजे धोका पायाखाली असतो आणि आपला शब्द वाचकाला आभाळाकडे बघायला लावतो. ‘हिमस्खलन’ अचूक आहे, फक्त जड आहे. मी ‘हिमलोट’ वापरतो, आणि क्रियापद ‘सुटणे’. ‘हिमलोट सुटला’ म्हटलं की तो कोणी सोडला, हा प्रश्न आपोआप पडतो.

‘स्लॅब’साठी, म्हणजे उतारावरून एकसंध सुटणाऱ्या त्या थरासाठी, ‘लादी’ घ्या. मात्र ‘बर्फाची लादी’ आपल्याला घट्ट, पारदर्शक अशी माहीत आहे, म्हणून एक वाक्य जोडावंच लागेल : ही लादी हाताने कापता येईल इतकी मऊही असू शकते. तिच्याखाली जो थर असतो त्याला ‘कच्चा थर’ म्हणावं. निरभ्र, थंड रात्री हवेतली वाफ थेट गोठून पृष्ठभागावर पिसांसारखे स्फटिक धरतात. त्यावर नवं हिम पडलं की ते गाडले जातात आणि कित्येक दिवस, कधी आठवडे, तसेच कच्चे राहतात. आपल्याकडचा ‘दहिवर’ हा शब्द इथे कामाला येतो : ‘गाडलं गेलेलं दहिवर’.

आता पातळ्या. तिसरीला ‘मध्यम’ म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाचातली मधली म्हणून हा शब्द सुचतो, पण मूळ इंग्रजी शब्द ‘कन्सिडरेबल’ आहे, त्याचा अर्थ ‘मधला’ नाही. तिसऱ्या पातळीला तीव्र उतारावर एकट्या माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते, काही वेळा तर तो उतारावर नसताना, पायथ्याच्या सपाटीवरून चालतानाही. आल्प्समध्ये सर्वाधिक बळी याच पातळीच्या दिवशी जातात. पातळ्या सारख्या अंतरावरही नाहीत, प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. ‘मध्यम’ दुसरीला द्या. तिसरीला ‘बराच’, चौथीला ‘मोठा’, पाचवीला ‘फार मोठा’, पहिलीला ‘कमी’. साधे शब्द आहेत, पण कोणी फसणार नाही.

प्रश्न : ‘एकामागून एक उतार पार करा’ हे तरी बरोबर ना?

उत्तर : नाही. त्याचा अर्थ लोक रांगेने जाणे असा घेतात, आणि सगळी रांग एकदम लादीवर येते. ‘एकेकाने पार करा, जाणारा पलीकडे सुरक्षित जागी पोचेपर्यंत बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवा’ असं लांबलचक लिहा. इथे लांबी परवडते.

‘तीव्र उतार’लाही आकडा जोडा. ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान बहुतेक लाद्या सुटतात. नजरेला कोन कळत नाही, तो मोजावा लागतो. ‘रनआउट’ला, म्हणजे लोट खाली जिथवर जातो त्या भागाला, ‘पल्ला’ म्हणा : हिमलोटाचा पल्ला सपाटीवरही पोचतो. खाली घळ किंवा ओढ्याचं पात्र असेल तर लहानसा लोटही तिथे खोल साचतो. त्या जागेला ‘सापळा’ हाच शब्द योग्य.

आणखी एकाचं म्हणणं : चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, कधी पावलापासून पुढे चीर धावत जाते. यालाही शब्द हवा.

उत्तर : ‘खचणे’ पुरेसं आहे. कच्चा थर खचला की वरची लादी त्या आवाजाने बसते. ‘खचल्याचा आवाज आला तर तीव्र उतारावरून आणि त्याच्या पल्ल्यातून बाहेर पडा’ हे वाक्य ठळक अक्षरात छापा.

साधनांची भाषांतरं करत बसू नका. ‘ट्रान्सीव्हर’ (हिमाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाने अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र) तसाच ठेवा, कारण तो संकेत पाठवतोही आणि शोधतोही; ‘शोधयंत्र’ म्हटलं तर निम्मंच काम सांगितलं जातं. सळई आणि फावडं हे शब्द आपलेच आहेत. ‘लवकरात लवकर बाहेर काढा’ हे मात्र बदला. पहिल्या दहा मिनिटांत काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर बहुतेक वाचत नाहीत. म्हणून ‘मदत बोलवा’च्या आधी किंवा निदान सोबतीने ‘तुम्हीच शोधा, तुम्हीच खणा’ असं लिहा.