मदत हवी आहे: प्रारूप प्रभाग रचनेत आमची वस्ती दोन प्रभागांत तोडली, हरकत कशी लिहू?

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीची प्रारूप प्रभाग रचना सोमवारी लागली. हरकतीची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून घाईने लिहितेय. असा अर्ज मी कधीच केलेला नाही, आणि हा नीट व्हायलाच हवा.

आमची वस्ती गावठाणापासून ओढ्यापलीकडे आहे. बहुतेक घरं अनुसूचित जातीची. आजवर अख्खी वस्ती तीन नंबरच्या प्रभागात होती. यंदा वस्तीतल्या सिमेंटच्या रस्त्यावरून रेघ ओढलीय. रस्त्याच्या एका हाताची घरं तीन नंबरमध्येच राहिली, दुसऱ्या हाताची ओढा ओलांडून गावठाणातल्या एक नंबरला जोडली. आमचं घर एकीकडे, चुलत्यांचं बरोबर समोर. रात्री त्यांच्या दारातल्या दिव्याचा उजेड आमच्या ओट्यावर पडतो, आणि मत द्यायचं वेगवेगळ्या उमेदवारांना.

नकाशा पंचायतीच्या फलकावर लावलाय, गूगल अर्थवरून काढलेला. छपाई इतकी पुसट की घरं कुठली आणि गोठे कुठले ते कळत नाही. मी फोटो काढला आणि भावाला घेऊन ती हद्द चालून पाहिली. चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दीच्या वर्णनात, लिहिलंय, 'पूर्वेस सार्वजनिक विहीर'. वस्तीत विहिरी दोन. एक मोटर बसवलेली, रस्त्याच्या कडेची. दुसरी ओढ्याकाठची, कधीच बुजलेली. तिचा नुसता कठडा उरलाय, त्यावर आता बायका गोधड्या वाळत घालतात. ही बुजलेली विहीर धरली तर हद्द ओढ्यावरून जाते आणि वस्ती एकत्र राहते. मोटरीची धरली तर रेघ आमच्या दारातून जाते. नकाशात मोटरीचीच धरलेली दिसतेय.

आकडेही सांगते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गावची लोकसंख्या ३२१२, म्हणून ११ सदस्य. पहिले तीन प्रभाग तीन-तीन सदस्यांचे, चौथा दोघांचा. प्रारूपात एक नंबरला १०१८ लोक, दोनला ८६१, तीनला ७९२ आणि चारला ५४१. एका सदस्यामागे सरासरी २९२ येतात. एक नंबरमध्ये ते ३३९ होतात, तीनमध्ये २६४. लोकसंख्या सारखी करायला वस्ती तोडली असती तर निदान कारण तरी समजलं असतं. इथे तोडल्यामुळे ती जास्त बिघडलीय. तोडलेल्या भागात माझ्या बेरजेने ११८ माणसं आहेत. ती परत तीनमध्ये घेतली तर एक नंबर ९०० आणि तीन नंबर ९१०.

भाऊ म्हणतो, आता सरपंच थेट जनतेतून निवडून येतो, प्रभागाचं एवढं काय घेऊन बसलीस? मला ते पटत नाही. मासिक सभेत पाण्याच्या लाइनचा, गटाराचा, खांबावरच्या दिव्याचा विषय सदस्यच काढतो. वस्ती एकत्र होती म्हणून आमच्यातला एक जण तरी तिथे बसायचा. अर्धी वस्ती गावठाणात गेली की तिकडे आम्ही मूठभर, आणि इकडे उरलेलेही थोडेच.

विचारायचंय ते असं. हरकत माझ्या एकटीच्या नावाने चालते की सगळ्यांच्या सह्या लागतात? २०११ नंतर वस्ती बरीच वाढली, तो मुद्दा घालू का? आणि हरकत फेटाळली तर पुढे काय?

प्रतिसाद

ताई, तुमच्या हरकतीत दम आहे. मी दोन वेळा या प्रक्रियेतून गेलोय, तेवढ्यावरून सांगतो.

एकट्याची हरकत चालते. सह्या असल्या तर सुनावणीत वजन पडतं, पण सह्या गोळा करण्यात मुदत घालवू नका. अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घ्या. सुनावणी प्रांतसाहेबांपुढे (उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे) होते आणि अंतिम रचनेला जिल्हाधिकारी मान्यता देतात. सुनावणीला स्वतः हजर राहा. दोन्ही विहिरींचे फोटो कागदावर छापून न्या. मोबाइल पुढे केला तर तो कोणी फाइलला लावत नाही.

२०११ नंतरच्या वाढीचा मुद्दा काढून टाका. रचना शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरच होते, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. तो मुद्दा घातलात की सगळी सुनावणी त्यावरच जाते आणि बाकीचं राहून जातं.

तुमचे मुद्दे तीनच: अनुसूचित जातीची वस्ती फोडायची नसते, हद्द शक्यतो ओढा, नदी, रस्ता अशी ठळक असावी, आणि प्रत्येक जागेमागची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी. हे तिसरं तर राज्यघटनेच्या २४३-सी मध्येच आहे. रस्ताही हद्द म्हणून चालतो, असं ते म्हणतील. तेव्हा लगेच सांगा, रस्त्याने वस्ती तुटते, ओढ्याने तुटत नाही.

राखीव जागेबद्दल एक खुलासा. गावात अनुसूचित जातीच्या जागा किती, ते अख्ख्या गावच्या लोकसंख्येवरून ठरतं; रेघ हलवून ते बदलत नाही. पण ती जागा कुठल्या प्रभागात जाते, ते प्रभागातल्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने आणि आधी कुठे होती ते पाहून ठरतं. वस्ती तुटली की दोन्हीकडची टक्केवारी घसरते. हे अर्जात जरूर लिहा.

११८ हा आकडा तुमच्या बेरजेचा आहे, तो तसाच देऊ नका. तहसीलमध्ये प्रगणक गटांची (जनगणनेत एकेका प्रगणकाला वाटून दिलेल्या घरांच्या गटांची) लोकसंख्या बघायला मागा. आणि मतदार यादीवरच्या हरकतींची वाट बघत बसू नका. तेव्हा फक्त नाव चुकीच्या प्रभागात गेलं का एवढंच बघतात, हद्द हलत नाही. कोर्टाचं म्हणाल तर राज्यघटनेच्या २४३-ओ मुळे (पंचायत निवडणुकीच्या बाबतीत कोर्टाला आडकाठी घालणारं कलम) प्रभाग रचनेत हात घालायला कोर्टं सहसा तयार होत नाहीत. म्हणून ही हरकतच नीट करा.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. आज तहसीलमध्ये जाऊन आले. तोडलेल्या भागाची लोकसंख्या ११८ नाही, १२४ आहे. म्हणजे एक नंबर ८९४ आणि तीन नंबर ९१६, एका सदस्यामागे २९८ आणि ३०५. सह्या २६ झाल्यात. चुलत्यांनी पहिली केली.

मागणीचं वाक्य असं लिहिलंय:

'प्रभाग क्र. १ व ३ मधील हद्द वस्तीतील सिमेंट रस्त्याऐवजी ओढ्यावरून धरावी व चतुःसीमेत ओढ्याकाठची जुनी बुजलेली विहीर असा स्पष्ट उल्लेख करावा. तसे केल्यास अनुसूचित जातीची वस्ती एकसंध राहते आणि दोन्ही प्रभागांतील प्रति सदस्य लोकसंख्या गावच्या सरासरीच्या जवळ येते.'

खाली चारही प्रभागांचे प्रारूपातले आणि सुचवलेले आकडे शेजारी-शेजारी लिहिलेत. काही राहिलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. उद्या अकरा वाजता अर्ज द्यायला निघतेय.