फुलदाणीवर मासा आणि खाली जैन लिहिलंय, काय आहे हे?

निशा_ठाणे: आत्याच्या माळ्यावर केशरी काचेची फुलदाणी मिळाली, मासा गुंडाळल्यासारखा आहे आणि उजेडात धरली की निळी-जांभळी झाक मारते. इंग्रजीत जैन अशी उठावाची अक्षरं आहेत. आतून पांढुरकी झालीये, अॅसिडने घासू का?

जुनाबाजारवाला: अॅसिड अजिबात नको बाई!! ही कार्निव्हल ग्लास, फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सची. हो, तेच बांगड्यांचं फिरोजाबाद. साच्यात दाबलेल्या काचेवर ती गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारतात, त्याचीच ती झाक, म्हणजे सगळी मजा वरच्या पातळ थरात. अमेरिकेत फेंटन या काच कंपनीने 1907 च्या सुमारास हे सुरू केलं, आपल्याकडे नंतर आलं. आपल्या तळेगावच्या पैसा फंडाच्या (लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या) काच कारखान्याचे पण असे पेले सापडतात, संग्राहक त्यावर तुटून पडतात.

निशा_ठाणे: मग पांढरेपणाचं काय करू?

काचवेडी: आत थोडं व्हिनेगर कोमट पाण्यात घालून ठेव, बाहेर लागू देऊ नकोस. क्षार असतील तर सुटतील. नाही सुटले तर पाणी साठून काचच खराब झालीये, ती परत नीट होत नाही. ओली असताना दिसत नाही हं, वाळल्यावर बघ. विकणारे आतून तेल फिरवून हेच लपवतात, मेले.

जुनाबाजारवाला: आणि डिशवॉशर, स्क्रबर, दोन्ही लांब. माशाच्या शेपटीला टवका गेलाय का बघ, भाव त्यावरच ठरतो. फोटो टाक ना