माळ्यावर बोंडलं सापडलं... तुमच्या बाळाचं पोट बिघडलं तेव्हा घरात काय काय झालं?

टिळकवाडीची_वैनी
गणपतीच्या आधीची झाडलोट चाललीय. माळ्यावरच्या डब्यात बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं भांडं) सापडलं, माहेरहून आलेलं, चोच जरा चेपलेली. हातात घेतलं आणि पोरगा सात महिन्यांचा होता तो श्रावण आठवला. आता घोडा हुबळीला इंजिनिअरिंग करतोय, एका बसणीला सहा चपात्या.

तेव्हा दिवसाला दहा-बारा वेळा पातळ, हिरवट शी. सासूबाईंचा हुकूम सुटला, "पोटाला विसावा दे. अंगावरचं बंद, पेज बंद, नुसतं ओव्याचं पाणी." मी पहिलटकरीण, काय बोलणार? दिवसभर पोर बोंडल्यातलं पाणी थुंकायचं आणि माझ्या छातीवर तोंड घासत रडायचं. इकडे माझा पदर ओला. रात्री सगळे झोपले की मी मागच्या न्हाणीत पाटावर बसून, दिवा न लावता पाजायची. दोन रात्री चोरीच केली म्हणा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, अंगावर पितोय का? मी सासूबाईंकडं न बघता "हो" म्हटलं. ते म्हणाले, "म्हणूनच तरलाय. बंद केलं असतंत तर आता सलाईन लावावं लागलं असतं."

सासूबाई गप्प. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "न्हाणीत गार लागतंय, आत बसून पाज." म्हणजे त्यांना दोन्ही रात्री माहीत होतं!! लिहा गे तुमचंही.

शहापूरवाली
न्हाणीचं वाचून डोळ्यात पाणी आलं गे. आमच्याकडचा किस्सा हसायचा आहे. सरकारी दवाखान्यात कन्नड नर्सबाई. विचारलं, "भेदी एष्टु सला?" (जुलाब कितीदा). माझ्या आत्याबाई ठसक्यात, "एस्टीनं नाही, टमटमनं आलो." नर्सबाई कागदावर काय लिहिणार बिचारी.

टिळकवाडीची_वैनी
😂😂 आत्याबाई असाव्यात तर अशा

खानापूरचा_बाप
बाप लोकांनी लिहिलं तर चालतंय काय? बायको बाळंतपणानंतर आजारी, म्हणून पोरीला मीच सांभाळत होतो. नऊ महिन्यांची होती. ओआरएसची मोठी पुडी आणली आणि सगळी एका पेल्यात ढवळली. म्हटलं घट्ट असलं की लवकर गुण. पोरगी तोंड वाकडं करायली, मी नाक धरून चमचा सारायलोय. आशाताई आल्या आणि माझ्या हातातला पेला घेऊन मोरीत ओतला. "ही पुडी एक लिटरची हाय. असलं खारट पाणी पाजून उलट जास्त तहानेला पाडशीला पोरीला." तेव्हापासून लिटरची बाटली मोजून. एकदा कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. रडू येत होतं तेव्हा, आता सांगताना हसतोय.

येळ्ळूरकर
आमचे सासरे शेतकरी. नातवाचं पोट बिघडलं म्हणून पेज करायची तर म्हणे साधा तांदूळ नको, आपल्या शिवारातला बासमतीच पाहिजे. शिजताना गल्लीभर वास, शेजारीण विचारते कुणाचं लगीन हाय काय. बाळानं चार चमचे खाल्ली, उरलेली पातेलीभर पेज सासऱ्यांनीच लोणच्याबरोबर संपवली 🙈

शहापूरवाली
येळ्ळूरचा बासमती आता खरा मिळतो का कुठं? दुकानात नाव तेच, वास मात्र गायब.

येळ्ळूरकर
घरी या, देतो पाच किलो. 🙏

निपाणीची_ताई
२०१९ चा ऑगस्ट. वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलेलं, कोल्हापूरकडचा रस्ता बंद. आम्ही शाळेत मुक्कामाला. माझी धाकटी अकरा महिन्यांची. विहिरी-बोअर सगळ्यात पुराचं पाणी शिरलेलं, तिला जुलाब लागले. त्या वर्गात आणखी तीन पोरं तशीच. बाटलीनं दूध पाजत होते, पण बाटली उकळायला ना गॅस ना भांडं. एका आज्जीनं बाटली काढूनच घेतली, "वाटी-चमच्यानं पाज गे बाई, ह्या बुचात घाण बसतीया." चुलीवर पाणी उकळून एका घागरीत झाकून ठेवायचं, त्यातलंच सगळ्यांच्या पोरांना. तिथं कुणाचं मराठी, कुणाचं कन्नड काही नव्हतं. मऊ भात, वरणाचं पाणी, केळं. पाच दिवसांत थांबलं. ती आज्जी कुठल्या गावची, विचारायचं राहूनच गेलं.

नवीआई_वडगाव
सॉरी मध्येच. माझं आठ महिन्यांचं, सकाळपासून सातवी वेळ. एकदा उलटी. दुकानदारानं संत्र्याच्या चवीचं डब्यातलं ओआरएस दिलंय, देऊ काय? घरी मी एकटीच आहे 😔

चिक्कोडी_अंगणवाडी
देऊ नको गे. तसल्या गोड ज्यूसनं जुलाब वाढतात. नावात ओआरएस लिहायला २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केलीय, तरी जुना माल असतोय दुकानात. साधी पुडी घे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. दर शीनंतर पाव ते अर्धा कप. अंगावरचं नेहमीपेक्षा जास्त वेळा पाज, खात असेल तर पेज, मऊ भात चालू ठेव.
लघवी झाली काय सकाळपासून? टाळू खोल गेलीय काय? रडताना डोळ्यात पाणी येतंय? सुस्त पडलं, पीतच नसलं किंवा शीत रक्त दिसलं तर आत्ताच रिक्षा कर, उत्तराची वाट बघू नको.

नवीआई_वडगाव
लघवी दोनदा झाली. डोळ्यात पाणी आहे. पितोय.

चिक्कोडी_अंगणवाडी
बरं हाय मग. तरी संध्याकाळी दाखवून ये. झिंकच्या गोळ्या देतील, १४ दिवस द्यायच्या. जुलाब थांबले की आया गोळ्या फडताळात ठेवून विसरतात, मी घरोघरी जाऊन भांडते.

शहापूरवाली
माझ्याकडं अजून अर्धी पट्टी आहे 🤐

खानापूरचा_बाप
आमच्या आईचं म्हणणं, दात येतात म्हणून जुलाब. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सगळं दातांवर खपवलं.

चिक्कोडी_अंगणवाडी
दात येताना पोर सापडेल ते तोंडात घालतंय, चपलासकट. तेच कारण.

निपाणीची_ताई
आणि जायफळ? गुटीत दोन वेढे जास्त उगाळले की पोर दिवसभर झोपायचं. घरचे खूश, "बघ गुण आला." मला आता आठवून भीती वाटते. झोपलं होतं की पाणी कमी पडून मलूल होतं कोण जाणे.

टिळकवाडीची_वैनी
हो गं. आमच्या सहाणेवर पण हेच.

येळ्ळूरकर
वैनी, बोंडलं विकायचं आहे काय? बहिणीला आठवा महिना चालू आहे. खडे बाजारात फिरून आलो, नवीन आहेत त्यांना जुन्यासारखी चोच नाही.

टिळकवाडीची_वैनी
विकणार नाही. 😅 आणि तिला सांगा औषध-पाण्यापुरतंच वापर, चोच आतून घासता येत नाही. मी काल काडीला कापड गुंडाळून अर्धा तास घासलं तरी काळं निघतंय.

नवीआई_वडगाव
दाखवून आलो. झिंक दिलंय. आता अंगावर पीत पीत झोपलाय. माझा चहा मात्र सकाळपासून तसाच.

शहापूरवाली
तो ओत आणि नवा कर बाई.