गायही अडते की!

"गाय-म्हैस कुठे दवाखान्यात जाते? मग बाईच्याच बाळंतपणाचा एवढा बाऊ का?" असं एकांनी विचारलंय. गोठा असलेल्या कुणालाही विचारा, विताना गाय अडते. गावठी पहिलारू (पहिल्यांदाच विणारी) गाय मोठ्या चणीच्या वळूचं वीर्य देऊन भरवली की वासरू पोटात मोठं होतं, मग रात्री-अपरात्री पशुवैद्याला फोन. बेल्जियन ब्लू या युरोपातल्या जातीत तर सिझेरियन हाच नेहमीचा मार्ग.

तरी प्राण्यांकडून घेण्यासारखं एक आहे, एकांत. घोडी बहुतेकदा रात्री, सामसूम झाल्यावर विते. भीतीने ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढलं की कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मागे पडतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत संशोधक नाइल्स न्यूटन यांनी व्यायला आलेल्या उंदरिणींना मुद्दाम हलवाहलव करून त्रास दिला, तर त्यांची प्रसूती लांबली. आणि आपल्याकडे दवाखान्यात? डोळ्यांवर ट्यूबलाइट, आडोशाला पडदा असला तर नशीब, वर "ओरडू नकोस" हे आहेच.

पण गाय कळपापासून दूर जाते म्हणून बाईलाही एकटं सोडा, हे मला पटत नाही. दोन पायांवर चालणाऱ्यांचं कटिर (कमरेच्या हाडांचा सांगाडा) अरुंद, बाळाचं डोकं मोठं. ते वळत वळत येतं आणि बहुधा आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर पडतं. माकडीण पुष्कळदा पिल्लाला स्वतःच ओढून घेते, बाईला ते अवघड. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या शिफारशींत सांगितलंय, बाईच्या पसंतीचं माणूस प्रसूतीच्या वेळी जवळ असू द्या. आई, सासू, नवरा, जो तिला हवा तो.