‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’ पुन्हा पाहिला : शिव्या परत घ्यायच्या का?

निवांत : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतला सगळ्यात टाकाऊ भाग कोणता, असा विषय निघाला की १७ जून २००६चा ‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’ हमखास वर येतो. मीही त्याला यथेच्छ शिव्या घातल्यात. परवा तापाने पडून होतो, म्हणून पुन्हा लावला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : एल्टन नावाचा साधा माणूस कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःची गोष्ट सांगतो. डॉक्टरला, म्हणजे मालिकेच्या नायकाला, शोधणाऱ्या चार-पाच जणांची ‘लिंडा’ नावाची टोळी जमते. हळूहळू डॉक्टर राहतो बाजूला. कुणी केक आणतं, स्किनर आपली कादंबरी वाचून दाखवतो, सगळे मिळून बँड काढतात. मग व्हिक्टर केनेडी येतो, शिस्त लावतो, गृहपाठ देतो आणि एकेक माणूस नाहीसा होऊ लागतो. तो निघतो हिरवा राक्षस, माणसं अंगात शोषून घेणारा.

राक्षस टुकारच आहे, वाद नाही. पण तो येईपर्यंत जे आहे ते हौशी माणसांबद्दल इतकं मायेने लिहिलंय की, मला वाटतं, आपण शेवटच्या दहा मिनिटांचा राग अख्ख्या भागावर काढला.

खडूस : ताप उतरल्यावर परत बघा. डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट जेमतेम काही मिनिटं दिसतो. का, तर ख्रिसमसचा विशेष भाग धरून १४ भागांचं चित्रीकरण बसवायचं होतं, म्हणून एक भाग नायकाशिवाय उरकला. नड होती, तिला कला कशाला म्हणायचं? आणि तो शेवट! टोळीतल्या अर्सुलाचा चेहरा फरशीत अडकलेला आणि त्यावर एल्टनचा चावट विनोद. लहान मुलं बघतात हो ही मालिका.

कोपऱ्यातली : नड होती हे मान्य. पण पुढच्याच वर्षी त्याच नडीतून ‘ब्लिंक’ हा भाग झाला आणि त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. तेव्हा नायक नव्हता म्हणून भाग पडला, हे काही पटत नाही.

राक्षसाचंही सांगते. तो ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या टीव्ही-कार्यक्रमाच्या स्पर्धेत जिंकलेल्या एका मुलाच्या चित्रातला. त्या पोराच्या डोक्यात तो डबलडेकर बसएवढा होता! पडद्यावर आला नट पीटर के, रबरी पोट लावून. पोराने कल्पना भव्य केली होती, माती मोठ्यांनी खाल्ली.

फरशीबद्दल मात्र खडूसशी सहमत. तो विनोद मला अजून किळसवाणा वाटतो.

दोन कप चहा : मला राक्षसापेक्षा व्हिक्टर जास्त ओळखीचा वाटला. आमचा एक वाचनकट्टा होता. पुस्तकं कमी, भजी जास्त. मग एक सद्गृहस्थ आले. हजेरीपट आला, ‘प्रत्येकाने दोन पानी टिपण आणावे’ आलं. चार महिन्यांत कट्ट्यावर ते आणि त्यांचा हजेरीपट. कुणाला गिळलं नाही त्यांनी, एवढाच फरक.

खडूस : 😀 हे मान्य. पण सुरुवातीची ती लाल-निळ्या बादल्यांची धावपळ? दरवाजातून आत, दुसऱ्यातून बाहेर. सर्कस नुसती.

निवांत : ती एल्टनची आठवण आहे ना. तो सांगतोय, रंगवून सांगणारच.

खडूस : ही पळवाट झाली. या हिशेबाने कुठलाही फसलेला प्रसंग ‘सांगणाऱ्याने रंगवला’ म्हणून खपवता येईल.

निवांत : बरं, बादल्या सोडल्या. जॅकीचं काय? डॉक्टरच्या सोबतिणीपर्यंत, रोझपर्यंत, पोचायला एल्टन तिच्या आईशी ओळख काढतो, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मग रोझचा फोन येतो आणि तो ठेवल्यावर जॅकीचा चेहरा पडतो. पोरगी कुठल्या कुठे आणि ही घरात एकटी. ते बघून एल्टन शोधाचा नाद सोडतो, पिझ्झा घेऊन परत येतो, तोवर तिला त्याच्या कोटाच्या खिशात रोझचा फोटो सापडलेला असतो. मुख्य मालिकेत जॅकीला इतकी जागा क्वचित मिळते.

खडूस : जॅकी झालेल्या कॅमिल कोडुरीने तो प्रसंग खाल्लाय, हे २००६मध्येही म्हटलं होतं. ठीक आहे, या शनिवारी बघतो. व्हिक्टर आला की बंद करणार.

कोपऱ्यातली : जॅकी व्हिक्टरनंतर येते. बसावं लागेल.