शब्दचर्चा : ‘साउंडिंग्ज इन फॅदम्स’ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोली : शाळेच्या प्रदर्शनात मुंबई बंदराच्या एका जुन्या सागरी नकाशाची मोठी प्रत लावतोय. कोपऱ्यात ‘साउंडिंग्ज इन फॅदम्स’ असं छापलंय. भाषांतराच्या यंत्रानं ‘फॅदममधील आवाज’ असं दिलं! पाटीवर काय लिहू?

ठाणे : आवाजाचा इथे काही संबंध नाही हो. हा साउंड फ्रेंचमधून आलेला, खोली मोजणे या अर्थाचा. दोरीला शिशाचं वजन बांधून बोटीवरून सोडायचं, तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणा वाचायच्या. पुढे विसाव्या शतकात इको साउंडर आला, तो मात्र खरोखरच ध्वनीनं खोली मोजतो. त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट झाला. आपल्याकडे यासाठी शब्द आहे की, ठाव. ‘ठाव घेणे’ आपण आता फक्त मनाचाच घेतो, तो भाग वेगळा.

चेंदणी : आणि फॅदम म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. मूळ संस्कृत ‘व्याम’. फॅदमचा जुना इंग्रजी अर्थही पसरलेले हातच. कोळीवाड्यात जुनी माणसं दोर आणि पाणी वावांतच मोजायची. विहिरीला मात्र परस, ‘पाच परस खोल’. ‘सुधारणेला वाव आहे’मधला वाव यात आणू नका, नाहीतर चर्चा दुसरीकडेच वाहवत जाईल.

ऐरोली : मग ‘खोली वावांत’ पुरे?

ठाणे : पुरे, पण जोडीला ‘१ फॅदम = ६ फूट’ लिहाच. वाव माणसागणिक बदलतो, नकाशावरचा फॅदम बदलत नाही. बरं, एखाद्या आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब दिसलं, तर ‘इतका दोर सोडला तरी तळ लागला नाही’ असा अर्थ. मुलांना ‘अथांग’ शिकवायला याहून चांगली खूण मिळणार नाही. अर्थात ती मिळाली तर खोल समुद्राच्या नकाशात मिळेल, तुमच्या बंदराच्या नकाशात नव्हे.

बेलापूर : खाडीकडच्या भागात अधोरेखित आकडे असतील तर ते खोलीचे नव्हेत. ती जागा ओहोटीला उघडी पडते, आणि नकाशाच्या शून्य पातळीपासून, म्हणजे जिथून खोली मोजतात तिथून, किती वर येते ते त्या आकड्यावरून कळतं. इंग्रजीत तिथे ‘ड्राइज’ म्हणतात, आणि कोकणात ओहोटीला ‘सुकती’ म्हणतातच. शून्य पातळी मुद्दाम उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, ओहोटीइतकी खाली धरतात, म्हणजे एरवी पाणी नकाशात दाखवलंय त्याहून जास्तच सापडतं. भारतीय बंदरांसाठी अशी पातळी जॉर्ज डार्विन यांनी सुचवली. हे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव.

ऐरोली : हायड्रोग्राफीला ‘जलालेखन’ लिहू का? भारदस्त वाटतं.

बेलापूर : भारदस्त आहे, पण मुलांना कळणार नाही. ‘सागरी सर्वेक्षण’ लिहा. सरकारी हिंदीतही ‘जल सर्वेक्षण’च आहे, त्या खात्याचं मुख्यालय डेहराडूनला. समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशी! इतिहासाची ओळ हवी असेल तर अशी लिहा : अलेक्झांडर डॅलरिंपल १७७९ पासून ईस्ट इंडिया कंपनीसाठी नकाशांचं काम पाहत, १७९५ मध्ये ते ब्रिटिश नौदलाचे पहिले हायड्रोग्राफर झाले. आपल्याकडे कलकत्त्याला सागरी सर्वेक्षण खातं १८७४ मध्ये निघालं.

ऐरोली : छान. आकड्यांच्या मधे बारीक ‘एम’, ‘एस’, ‘आर’ आहेत, ते?

चेंदणी : तळ कसा आहे ते. एम म्हणजे चिखल, एस वाळू, आर खडक. शिशाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायचे, तिला तळाचं जे चिकटेल ते वर यायचं. नांगर कुठे धरेल ते त्यावरून ठरायचं. ठाण्याच्या खाडीत तुम्हाला ‘एम’च जास्त दिसेल.